सेट-टॉप बॉक्समधलं रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर उघडत नाही? आधी हे तपासा

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. सेट-टॉप बॉक्सला पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क लावून कार्यक्रम रेकॉर्ड केलेला असतो, टीव्हीवर तो झकास दिसतो. तीच डिस्क कॉम्प्युटरला लावली की विंडोज म्हणतं ‘आधी फॉरमॅट करा’. नाहीतर फाइल दिसते, आकारही भरपूर दिसतो, पण उघडली की नुसता काळा पडदा. मग व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर काढून पुन्हा टाकून होतो, कोडेकचे (व्हिडिओ उलगडणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचे) गठ्ठे उतरवून होतात, कोणीतरी सुचवलेला ‘डीव्हीआर कन्व्हर्टर’ पैसे भरून घेतला जातो, आणि फाइल आहे तिथेच राहते.

कॉम्प्युटरचा यात बहुधा काही दोष नसतो. तुमचा बॉक्स कुठल्या जातीचा आहे यावर सगळं अवलंबून आहे, आणि ते एकदा कळलं की निम्मे उपाय करून बघायची गरजच राहत नाही. (सीसीटीव्हीच्या डीव्हीआरबद्दल, म्हणजे रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याबद्दल, विचारत असाल तर ते प्रकरण निराळं. इथे फक्त टीव्हीचे कार्यक्रम.)

फॉरमॅटच्या प्रश्नाला ‘कॅन्सल’ म्हणा

बाकी काही वाचायच्या आधी एवढं करा. बरेच बॉक्स हार्ड डिस्क स्वतःच्या पद्धतीनं तयार करून घेतात. ही पद्धत लिनक्सची असते आणि विंडोजला ती वाचता येत नाही. विंडोजला न कळणारी प्रत्येक डिस्क त्याच्या लेखी कोरी किंवा बिघडलेली, म्हणून ते फॉरमॅट करायला सांगतं. डिस्क अजिबात बिघडलेली नसते. तिथे ‘ओके’ दाबलंत तर मात्र बॉक्सलाही काही दिसणार नाही.

उलट बाजूनंही हाच धोका आहे. बॉक्सला नवा पेनड्राइव्ह लावला की बॉक्सही फॉरमॅटची परवानगी मागतो, आणि घरात कोणीतरी रिमोटवरून ‘हो’ म्हणतं. त्या पेनड्राइव्हवर लग्नाचे फोटो होते हे नंतर आठवतं. रेकॉर्डिंगसाठी डिस्क वेगळीच ठेवा आणि तिच्यावर चिकटपट्टी लावून तसं लिहून ठेवा.

दोन जातींचे बॉक्स

पहिली जात पैसे भरून चालणाऱ्या डीटीएच आणि केबलच्या बॉक्सची. भारतात २००८ च्या सुमारास टाटा स्काय प्लससारखे आत हार्ड डिस्क असलेले बॉक्स आले, पुढे यूएसबी लावून रेकॉर्ड करणारे स्वस्त बॉक्स घरोघरी गेले. या सगळ्यांत वाहिनी मुळातच कूटबद्ध होऊन येते आणि बॉक्समधलं कार्ड किंवा चिप ती उलगडते. डिस्कवर लिहिताना बॉक्स तो कार्यक्रम पुन्हा कुलूपबंद करतो, आणि त्या कुलपाची किल्ली फक्त त्याच बॉक्सच्या पोटात असते. म्हणून ही डिस्क कॉम्प्युटरवर सोडाच, त्याच कंपनीच्या दुसऱ्या बॉक्सवरही चालत नाही. काही टीव्हींमध्ये यूएसबीवर थेट रेकॉर्ड करायची सोय असते, तिथेही तेच. टीव्हीचा मदरबोर्ड बदलला की जुनी रेकॉर्डिंग गेली.

दुसरी जात डीडी फ्री डिशसाठी बाजारात मिळणाऱ्या साध्या बॉक्सची. फ्री डिशवरच्या एमपीईजी-२ (चित्र दाबून लहान करायची जुनी पद्धत) वाहिन्या कूटबद्ध नसतात. सह्याद्री, दूरदर्शनच्या इतर वाहिन्या आणि बऱ्याच खासगी मोफत वाहिन्या अशाच येतात. बॉक्स तो प्रवाह जसाच्या तसा पेनड्राइव्हवर ओततो, त्यामुळे ती फाइल कॉम्प्युटरवर उघडायलाच हवी. उघडत नसेल तर दुरुस्तीला वाव आहे.

तुमचा बॉक्स कुठला ते नक्की माहीत नसेल तर पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग करा आणि ती फाइल ‘मीडियाइन्फो’ या मोफत प्रोग्रॅममध्ये टाका. त्यात चित्राचा प्रकार, ७२० बाय ५७६ असं माप, आवाजाचा प्रकार असा तपशील आला तर फाइल मोकळी आहे. नुसता फाइलचा आकार आला आणि खाली काहीच नाही, किंवा ‘एन्क्रिप्टेड’ असा शब्द आला, तर कुलूप आहे.

कुलूप असेल तर डिस्कचा नाद सोडा. हे मी मुद्दाम ठणकावून सांगते, कारण लोक इथेच सगळ्यात जास्त वेळ घालवतात. लिनक्स चालवून डिस्क वाचता येते, फाइल कॉपीही होते, आणि हाती येतो तो निव्वळ आकड्यांचा चिवडा. ‘आम्ही कुठलीही डीव्हीआर फाइल उघडतो’ म्हणणारे प्रोग्रॅम हे कुलूप उघडत नाहीत. फुकटातले काही तर तुमच्या कॉम्प्युटरवर भलतंच काहीतरी बसवून जातात.

आणि घाई कशाची करायची तेही समजून घ्या. बॉक्स जळला, कंपनीनं बदलून दिला किंवा तुम्ही कंपनी बदललीत, तर ती रेकॉर्डिंग कायमची गेली. बऱ्याच बॉक्सवर रिचार्ज संपला की जुनं रेकॉर्डिंगसुद्धा चालत नाही. नातवानं गाण्याच्या कार्यक्रमात भाग घेतला होता तो भाग बॉक्समध्ये ‘जपून ठेवलाय’ असं कोणी म्हणालं की मला धडकीच भरते. बॉक्स चालू आहे, रिचार्ज आहे, तोवरच त्यातून चित्र बाहेर काढून घ्यायचं. कसं ते पुढे येतंच.

फ्री डिशची फाइल: तरीही उघडत नाही

इथे अडचणी छोट्या असतात आणि बहुतेक सुटतात.

पेनड्राइव्हवर बॉक्सनं स्वतःचा एक फोल्डर केलेला असतो, त्यात तारीख-वेळेचे उपफोल्डर आणि त्यांच्या आत ०००, ००१ अशा नावांच्या फाइली. शेपटीला कधी ‘टीएस’ असतं, कधी ‘एमटीएस’, कधी ‘डीव्हीआर’. शेजारी एखादी अगदी लहान माहितीची फाइल असते. तिच्यात चित्र नसतं, ती उघडत नाही म्हणून बिचकू नका. मोठी फाइल ‘डीव्हीआर’ शेपटीची असेल तर तिची आधी एक प्रत काढा, प्रतीचं शेपूट बदलून ‘टीएस’ करा आणि व्हीएलसीत उघडा. पुष्कळदा एवढ्यावरच काम होतं. विंडोजमध्ये शेपूट दिसतच नसेल तर फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ मेनूत ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करा. ते न करता नाव बदललं की ‘०००.टीएस.डीव्हीआर’ असा काहीतरी प्रकार होतो आणि मग आणखी गोंधळ.

एकाच कार्यक्रमाच्या दोन-तीन फाइली का झाल्या, हा पुढचा प्रश्न. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा असतो आणि त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊच शकत नाही. म्हणून बॉक्स तुकडे पाडतो. काही बॉक्स त्याहून लहान तुकडे पाडतात. ‘लॉसलेसकट’ नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे, त्यात सगळे तुकडे क्रमानं टाकून ‘मर्ज’ म्हणायचं. तोच प्रोग्रॅम जाहिराती कापायलाही बरा, कारण तो चित्र पुन्हा तयार करत नाही, नुसतं कापतो आणि जोडतो. दोन तासांचं काम काही मिनिटांत होतं आणि दर्जा तसूभरही उतरत नाही. एक खोड आहे: तुम्ही सांगाल त्या नेमक्या क्षणी तो कापत नाही, जवळच्या पूर्ण चित्रावर जाऊन कापतो. त्यामुळे जाहिरातीचा अर्धा-एक सेकंद कुठेतरी राहतो. साबणाची अर्धी जाहिरात चालत असेल तर तसंच ठेवा. नसेल चालत तर ‘एव्हिडेमक्स’ नावाच्या प्रोग्रॅममध्ये कापून फाइल नव्यानं तयार करावी लागेल, आणि त्याला वेळ लागतो.

फाइल उघडते पण मध्येच चित्राचे चौकोन होतात, आवाज तुटतो, हे पावसाळ्यातलं रेकॉर्डिंग असेल तर त्यावर इलाज नाही. जो सिग्नल आलाच नाही तो कुठून आणणार? पण कोरड्या हवेतही तसं होत असेल तर पेनड्राइव्ह संथ आहे किंवा बॉक्सची यूएसबी हार्ड डिस्कला पुरेशी वीज देत नाही. डिस्कमधून टिकटिक ऐकू येणं ही त्याची खूण. स्वतःचा अडॅप्टर असलेली डिस्क लावा, किंवा सरळ चांगल्यापैकी पेनड्राइव्ह घ्या.

आधी बाहेर शोधा, आणि कायद्याचं दोन ओळींत

कुलूपबंद बॉक्समधून चित्र काढणं म्हणजे जेवढा कार्यक्रम तेवढा वेळ. त्याआधी तो कार्यक्रम अधिकृतपणे कुठे आहे का ते पाहा. झी मराठीच्या मालिका झी५ वर, सोनी मराठीच्या सोनीलिव्हवर, स्टार प्रवाहच्या जिओहॉटस्टारवर असतात. सह्याद्रीचं यूट्यूब चॅनेल आहे. जे तिथे सापडत नाही तेच खरं जपण्याजोगं: जिल्ह्याच्या बातमीपत्रातली दोन मिनिटं, गावच्या यात्रेचं थेट प्रक्षेपण, ‘आमची माती आमची माणसं’मध्ये आलेलं काकांचं शेत.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ३९ स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेल्या रेकॉर्डिंगला मुभा देतं. २०१२ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम ६५अ मात्र हक्कभंगाच्या हेतूनं तांत्रिक संरक्षण तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगतं. म्हणून घरी पाहण्यापुरतं ठेवा, यूट्यूबवर किंवा गावच्या ग्रुपवर टाकू नका. पडद्यावर मध्येच एखादा लांबलचक आकडा चमकून जातो ना, तो तुमच्या बॉक्सची ओळख असतो. तो नक्कल कुठून फुटली ते शोधण्यासाठीच असतो आणि तुमच्या रेकॉर्डिंगमध्येही उतरतो.

एव्ही केबलनं चित्र काढणं

कुलूपबंद बॉक्ससाठी सरळ आणि खात्रीचा मार्ग हाच. बॉक्सवर रेकॉर्डिंग चालवायचं, त्याच्या एव्ही आउटमधून येणारं चित्र आणि आवाज एका यूएसबी कॅप्चर डोंगलमध्ये (ते कॉम्प्युटरच्या आत घेणाऱ्या छोट्या जोडणीत) घ्यायचे आणि कॉम्प्युटरवर ते साठवायचं. दर्जा साध्या, म्हणजे एसडी वाहिनीएवढा मिळतो. एचडी वाहिनीचंही एव्हीतून एसडीच येतं. आठवणीसाठी तेवढं पुरे, असं माझं मत. आत्या ओळखू येते ना, मग झालं.

जुनं टीव्ही ट्यूनर कार्ड घरात पडलेलं असेल तर त्याला थेट केबलची वायर लावून काही उपयोग नाही. केबल डिजिटल झाली तेव्हापासून, म्हणजे मुंबईत ऑक्टोबर २०१२ अखेरीस आणि पुणे, नागपूर, नाशिकसारख्या शहरांत मार्च २०१३ अखेरीस ठरलेल्या मुदतींनंतर, त्या वायरीतून ट्यूनरला कळेल असं काही येतच नाही. पण त्याच कार्डाला मागे पिवळा एव्ही इनपुट असेल तर तो अजून कामाचा आहे.

*चित्रच येत नाही.* आधी वायर. जुन्या बॉक्सला पिवळा-पांढरा-लाल असे तीन गोल सॉकेट असतात, तिथे चूक व्हायला जागा नाही. नव्या लहान बॉक्सवर मात्र हेडफोनसारखं एकच भोक असतं आणि त्यात जाणारी वायर दुसऱ्या टोकाला तीन पिनांत फुटते. दुकानात मिळणाऱ्या या वायरी सगळ्या सारख्या जोडलेल्या नसतात. कॅमकॉर्डरची जुनी वायर लावली तर चित्र पिवळ्याऐवजी लाल पिनेतून येऊ शकतं. म्हणून डोंगलच्या पिवळ्या सॉकेटमध्ये तिन्ही पिना आळीपाळीनं लावून पाहा. काही बिघडत नाही, फक्त स्पीकरचा आवाज कमी ठेवा, कारण चित्र आवाजाच्या सॉकेटमध्ये गेलं की कर्कश्श गुरगुर होते. तीनपैकी एकीवरही धड चित्र आलं नाही तर बॉक्सबरोबर आलेली मूळ वायर शोधा.

वायर बरोबर असेल तर ओबीएस स्टुडिओ उघडा. हा चित्र-आवाज रेकॉर्ड करणारा मोफत प्रोग्रॅम आहे आणि या कामाला पुरेसा आहे. ‘सोर्सेस’मध्ये ‘व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइस’ घ्या आणि यादीतून डोंगल निवडा. लॅपटॉपचा कॅमेरा निवडला गेला की स्वतःचाच चेहरा दिसतो, तेव्हा कळतंच. डोंगल यादीतच नसेल तर ड्रायव्हरचा प्रश्न. ‘ईझीकॅप’ नावानं विकले जाणारे स्वस्त डोंगल बाहेरून एकसारखे आणि आतून चार-पाच वेगवेगळ्या चिपांचे असतात. एकाची ड्रायव्हर सीडी दुसऱ्याला चालत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याचा हार्डवेअर आयडी पाहून त्या चिपचा ड्रायव्हर शोधावा लागतो. नवा घेणार असाल तर विकत घेतानाच ‘यूव्हीसी’ म्हणजे ड्रायव्हर न लागणारा मागा. शंभर-दोनशे रुपये जास्त गेले तरी डोक्याचा ताप वाचतो.

डोंगल सापडला पण पडदा काळा किंवा निळा असेल तर ‘कॉन्फिगर क्रॉसबार’ नावाचं बटण दिसतंय का पाहा. तिथे एस-व्हिडिओ निवडलेलं असतं, ते ‘कंपोझिट’ करा.

*चित्र आहे, पण काळं-पांढरं, किंवा वर सरकत राहतं.* हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आणि सगळ्यात सोपं उत्तर. डोंगल अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीवर बसलेला आहे. आपल्याकडे पाल. ‘कॉन्फिगर व्हिडिओ’मध्ये जाऊन ‘व्हिडिओ स्टँडर्ड’ पाल-बी करा, माप ७२० बाय ५७६ आणि वेग सेकंदाला २५ चित्रं. ओबीएसच्या मुख्य सेटिंगमध्येही ‘२५ पाल’ निवडा. काही डोंगल दर वेळी काढून लावल्यावर हे विसरतात, तेव्हा रेकॉर्ड दाबण्याआधी रंग आहेत ना एवढी नजर टाका.

*माणसं उंच-सडपातळ दिसतात.* बॉक्स रुंद चित्र चौकोनी मापात दाबून पाठवतोय. ओबीएसचा कॅनव्हास १०२४ बाय ५७६ ठेवा आणि चित्र त्यावर ताणून बसवा. जुना, मुळातच चौकोनी कार्यक्रम असेल तर ७६८ बाय ५७६. बॉक्सच्या मेनूत १६:९ आणि ४:३ अशी निवड असते. तिथे काय आहे तेही पाहा, नाहीतर चारी बाजूंनी काळी चौकट येते.

*हलणाऱ्या कडांवर कंगव्याचे दात.* टीव्हीचं चित्र एका वेळी अर्ध्या ओळी या पद्धतीनं येतं, कॉम्प्युटर त्या दोन अर्ध्या एकदम दाखवतो. ओबीएसमध्ये सोर्सवर उजवं बटण दाबून ‘डीइंटरलेसिंग’मध्ये ‘याडिफ’ निवडा. कुस्ती किंवा कबड्डी असेल तर ‘याडिफ २एक्स’ आणि वेग ५०. धावपळीचं चित्र त्यात जास्त गुळगुळीत दिसतं.

*आवाज नाही.* इथे तीन वेगळ्या गोष्टींना लोक एकच नाव देतात. ओबीएसमधली हिरवी-पिवळी पट्टी हलतेय पण तुम्हाला ऐकू येत नाही, तर आवाज रेकॉर्ड होतोय. ऐकायचं असेल तर ‘ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज’मध्ये ‘मॉनिटर अँड आउटपुट’ करा. पट्टी हलतच नाही, तर विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये मायक्रोफोनची परवानगी बंद असते. डोंगलचा आवाज विंडोजच्या दृष्टीनं मायक्रोफोनच असतो, म्हणून ती चालू करा, डेस्कटॉप ॲपसाठीचीसुद्धा. तिसरा प्रकार म्हणजे ओबीएसनं लॅपटॉपचा मायक्रोफोनच पकडलेला असतो आणि रेकॉर्डिंगमध्ये कार्यक्रमाबरोबर कुकरच्या शिट्ट्या येतात. मिक्सरमधून ‘माइक’ बंद करा आणि डोंगलचं ऑडिओ ‘ऑडिओ इनपुट कॅप्चर’ म्हणून जोडा.

बारीक घुंऽऽ असा आवाज सतत येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. आवाज थांबला तर दोष जमिनीच्या जोडणीचा. बॉक्स, टीव्ही आणि लॅपटॉप एकाच बोर्डवर लावले की तो बहुतेकदा कमी होतो.

*ओठ आणि आवाज जुळत नाहीत.* आधी पाहा, फरक पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच आहे की वाढत जातो. व्हीएलसीत ‘जे’ आणि ‘के’ या कळांनी आवाज मागेपुढे होतो. सुरुवातीला जुळवलेला फरक तासाभरानंतरही जुळत असेल तर सोपं आहे. तेवढे मिलिसेकंद एव्हिडेमक्समध्ये भरून फाइल पुन्हा साठवायची. वाढत जात असेल तर चित्र आणि आवाज वेगवेगळ्या घड्याळांवर चालले आहेत. आवाज डोंगलमधूनच घ्या, लॅपटॉपच्या माइकच्या भोकातून नको. ओबीएस आणि विंडोज दोन्हीकडे ४८ किलोहर्ट्झ ठेवा. डोंगल हबमध्ये न लावता थेट पोर्टमध्ये लावा. ओबीएसच्या ‘स्टॅट्स’ खिडकीत ‘स्किप्ड फ्रेम्स’चा आकडा वाढत असेल तर फाइल पेनड्राइव्हवर न लिहिता आतल्या डिस्कवर लिहा. वाढता फरक नंतर दुरुस्त करत बसण्यापेक्षा पुन्हा रेकॉर्ड केलेलं परवडतं.

फाइलचा प्रकार एमकेव्ही ठेवा, एमपी४ नको. मध्येच वीज गेली तर साधी एमपी४ फाइल संपूर्ण हातची जाते, एमकेव्ही तिथपर्यंतची वाचते. महावितरणच्या भरवशावर तीन तासांचं रेकॉर्डिंग करणाऱ्याला याहून जास्त समजावायला नको. नंतर ओबीएसच्याच ‘रीमक्स’मधून एमपी४ करून घ्या, त्याला मिनिटभर लागतं. सेकंदाला ४ मेगाबिटचा वेग ठेवला तर तासाला १.८ जीबी होतात, आणि एसडी चित्राला त्याहून जास्त देऊन काही मिळत नाही.

रेकॉर्ड दाबून स्वयंपाकाला जाण्याआधी बॉक्सचा ‘ऑटो स्टँडबाय’ बंद करा, लॅपटॉपची झोपही बंद करा. रिमोटवरून पडद्यावरची माहितीची पट्टी घालवा. आणि रिचार्ज संपत आलेला नाही ना ते पाहा. आमच्या ओळखीत एका मुलीच्या भरतनाट्यमवर पूर्ण वेळ ‘आपला रिचार्ज लवकरच संपत आहे’ अशी पाटी आहे, ती आता जन्मभर राहणार.

एचडीएमआयमधून का घेत नाही?

चांगल्या दर्जाचा मोह होतो, आठशे-हजारात एचडीएमआय डोंगलही मिळतो. पण पैसे भरून चालणाऱ्या बॉक्सच्या एचडीएमआयवर एचडीसीपी नावाचं संरक्षण असतं. समोर मान्यताप्राप्त टीव्ही नाही असं दिसलं की बॉक्स काळा पडदा किंवा सूचना पाठवतो. बॉक्सचा मेनू दिसतो आणि वाहिनी लावली की काळोख, असंही होतं. डोंगल नादुरुस्त आहे असं समजून तो दुकानात परत करणारे बरेच भेटतात. हे संरक्षण चुकवायच्या युक्त्या मी सांगणार नाही, वर कलम ६५अ लिहिलंच आहे. एव्ही वापरा.

फ्री डिशच्या साध्या बॉक्सवर हे संरक्षण सहसा नसतं, पण तिथे थेट फाइलच मिळत असताना एचडीएमआयच्या वाटेला जाण्यात अर्थ नाही.

एचडीएमआय डोंगल वापरताच, आणि आवाज एकाच बाजूनं किंवा विचित्र वेगानं येतोय? स्वस्त डोंगलांतली एक चिप ४८ किलोहर्ट्झचा स्टिरिओ आवाज ९६ किलोहर्ट्झचा मोनो म्हणून जाहीर करते. नव्या ओबीएस आणि नव्या लिनक्समध्ये याची बरीच काळजी घेतलेली आहे, म्हणून आधी प्रोग्रॅम अद्ययावत करा.

डिस्क कॉम्प्युटरवर चालते, डीव्हीडी प्लेअरवर नाही

एमपी४ फाइल डीव्हीडीवर नुसती कॉपी केली तर ती डेटा डिस्क होते. काही प्लेअर ती वाचतात, पुष्कळसे ‘नो डिस्क’ म्हणतात. आजीच्या प्लेअरवर लागायला हवी असेल तर डीव्हीडी-व्हिडिओ बनवावी लागते: एमपीईजी-२ चित्र, ७२० बाय ५७६, पाल, आणि ४८ किलोहर्ट्झचा आवाज. ‘डीव्हीडीस्टायलर’ हे सगळं स्वतः करतो, मेनूही देतो. नवा प्रोजेक्ट उघडताना पाल निवडायला विसरू नका.

४.७ जीबीच्या डिस्कवर बऱ्या दर्जात दोन तास बसतात. डिस्कवर ४.७ लिहिलेलं असतं आणि विंडोज ४.३८ दाखवतं, त्यात फसवणूक नाही, मोजायची रीत वेगळी. तीन तासांचं नाटक एकाच डिस्कवर कोंबलं की अंधाऱ्या प्रवेशांत चौकोनच चौकोन दिसतात. दोन डिस्क करा, मध्यंतरावर तोडा.

डिस्क डीव्हीडी-आर घ्या, जुने प्लेअर तीच जास्त निमूटपणे वाचतात. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू टाळा. लिहिण्याचा वेग ४एक्स किंवा ८एक्स ठेवा आणि ‘फायनलाइझ’वर खूण असू द्या. ती नसेल तर ती डिस्क फक्त तुमच्याच ड्राइव्हमध्ये चालते. डिस्क झाल्यावर ती प्लेअरमध्ये घालून सुरुवात, मध्य आणि अगदी शेवट पाहा. बॉक्समधलं मूळ रेकॉर्डिंग त्यानंतरच पुसा. एमपी४ ची एक प्रत हार्ड डिस्कवर ठेवा, कारण डीव्हीडी-आर कपाटात पडल्या पडल्याही बिघडतात, कोकणासारख्या दमट हवेत तर विशेष.

खरं तर आता बहुतेक टीव्हींना यूएसबी असते आणि डिस्कची गरजच राहत नाही. तिथली नेहमीची अडचण म्हणजे चित्र येतं, आवाज नाही. टीव्हीला आवाजाचा तो प्रकार कळत नाही. फ्री डिशच्या टीएस फाइलींचं असं बरेचदा होतं. ‘हँडब्रेक’ या फाइलचा प्रकार बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये फाइल टाका, चित्र एच.२६४, आवाज एएसी स्टिरिओ, प्रकार एमपी४, आणि ‘फिल्टर्स’मध्ये डीइंटरलेस चालू. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर फाइल ४ जीबीच्या आत ठेवा. मोठी असेल तर एक्सफॅट करून पाहा, पण जुने टीव्ही एक्सफॅट ओळखत नाहीत. तिथे एनटीएफएस चालतं का पाहा.